एकटा जीव रूसो!

शनिवारी सकाळी नऊ वाजता शहाणा माणूस काय करतो? झोपतो! मी मात्र स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल गावात एका सेमिनारला जाऊन बसले. विषय होता रूसोचं शेवटचं पुस्तक. हो, तोच रूसो, शाळेत फ्रेंच राज्यक्रांतीच्या धड्यात दोन मार्कांना यायचा तो!

ऑनसाइट येऊन मला पाच महिने झाले होते. ऑफिस टू फ्लॅट, फ्लॅट टू ऑफिस. पोस्टरवर पुस्तकाचं नाव वाचलं, ‘एकट्याने फिरणाऱ्याची मनोराज्यं’, आणि म्हटलं, हा तर आपल्याच पार्टीतला!

बिचाऱ्याची स्टोरी पण भारी आहे. १७६२ मध्ये त्याचं ‘एमिल’ पॅरिसमध्ये जाळलं, जन्मगाव जिनिव्हातही जाळलं. १७६५ मध्ये मोतिए गावात घरावर दगड पडले. पळून बील सरोवरातल्या सेंट पीटर बेटावर गेला, तिथे जेमतेम सहा आठवडे नावेत आडवं पडून आणि झाडपाला गोळा करत सुखात काढले, तर बर्नच्या सरकारने तिथूनही हाकललं. शेवटी पॅरिसमध्ये संगीताच्या नकला करून पोट भरताना, १७७६ मध्ये, त्याने हे पुस्तक सुरू केलं. एकूण दहा ‘फेरफटके’. दहावा अर्धाच राहिला, कारण जुलै १७७८ मध्ये तो गेला. फिरता फिरता सुचलेलं तो चक्क पत्त्यांवर टिपून ठेवायचा. ते पत्ते याच गावच्या लायब्ररीत आहेत.

सेमिनारमध्ये जुंपली ती एका प्रश्नावर. रूसो म्हणतो, हे मी फक्त माझ्यासाठी लिहितोय. मग पहिले सात फेरफटके छान अक्षरात फेअर का केले, राजा? लंचपर्यंत वाद. मला हसू येत होतं. ‘फक्त माझ्यासाठी’ म्हणत कॅप्शन तीनदा एडिट करणारी आपली जमात काही नवी नाही!

पण मी अडकले दुसऱ्या फेरफटक्यात. २४ ऑक्टोबर १७७६. एका घोडागाडीपुढे धावणाऱ्या दांडग्या कुत्र्याने रूसोला उडवलं. तो बेशुद्ध. शुद्धीवर आला तेव्हा आपण कोण, कुठे, काही आठवेना आणि मन मात्र एकदम शांत. विद्वान मंडळी या शांततेवर फिदा. मला मात्र पुढचं दिसलं. तो चालत घरी गेला आणि त्याला बघून बायको किंचाळली, तेव्हा कुठे त्याला कळलं की आपल्याला किती लागलंय!

म्हणजे बघा, ‘जगात मी एकटा’ म्हणणाऱ्या माणसाच्या घरी १७४५ पासून सोबत करणारी थेरेज होती. माझ्या फ्लॅटचं दार उघडून कोण किंचाळणार होतं?

इनबॉक्समध्ये एक्स्टेन्शनचा मेल पडला होता. आणखी एक वर्ष, पैसे मस्त. सोमवारी मी मॅनेजरला ‘नाही’ कळवलं. आईला सांगितलं तर म्हणाली, “बरं झालं बाई, ये.”

एकटं फिरायला मला अजूनही आवडतं, तुम्हीही फिरा. फक्त फिरून परत यायला एक घर असू द्या.

आणि हो, रूसोचं ते बेट आता बेट राहिलेलं नाही. एकोणिसाव्या शतकात सरोवराची पातळी खाली आणली, तेव्हा पाण्याखालची जमीन वर आली. आता एर्लाख गावातून तिथे चालत जाता येतं.