दादाची ताडपत्री

माझ्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर वॉलपेपर आहे पिकअपचा. अमेरिकेतली धिप्पाड गाडी, मागच्या हौद्यावर फायबरचं घर चढवलेलं, आत गादी, खिडकीला पडदा आणि समोर तळं. कॅम्पर शेल म्हणतात त्याला. हिंजवडीत सातव्या मजल्यावर डेडलाइन मानगुटीवर बसली, की मी तिकडे बघतो. एकदा बाजूच्या क्युबिकलमधल्या मैत्रिणीला मी सहज म्हटलं, "आमच्या घरीपण पिकअप आहे." "सो कूल!" ती म्हणाली. त्या पिकअपमध्ये सोयाबीन असतं, कापूस असतो, लग्नसराईत मंडपाचे बांबू असतात, हे काही मी सांगत बसलो नाही.

माझं गाव जऊळका, जिल्हा वाशीम. अकोला-पूर्णा लाइनवर स्टेशन आहे, म्हणून 'जऊळका रेल्वे'. दादा तिथंच राहिला. शेती आणि भाड्याची गाडी, दोन्ही सांभाळतो. मी पुण्यात आलो आणि गाडीच्या हप्त्यात हातभार लावायला लागलो. हातभार लावला की माणसाला सल्ले द्यायची खाज सुटते. मला सुटली.

पहिला सल्ला अर्थातच फायबरच्या कव्हरचा. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. पाच मिनिटांत दादाचा फोन. "अन् कापूस कुठी भरू बे? तुह्या डोक्यावर?" बरोबरच होतं. कापूस वजनाला हलका, पण जागा खातो. तो फाळक्याच्या वर रचत न्यावा लागतो. कडक झाकण बसवलं की वरची सगळी जागा गेली. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. आरसी बुकात जे नमूद आहे, त्याच्याशी जुळणार नाही असा बदल गाडीत परस्पर करता येत नाही. ताडपत्रीचं बरं असतं. माल उतरला की घडी घालून सीटमागे! (गंमत म्हणजे आपल्याकडे 'कॅम्पर' नावाची पिकअप मिळते. तिच्यात झोपायची सोय नसते, बसायला सीटची जास्तीची रांग असते.)

मग मी दुसरा शहाणपणा केला. दादाची ताडपत्री म्हणजे कॅनव्हासची, मेणवलेली, ठिगळं लावलेली, दोघांनी उचलावी इतकी जड. सप्टेंबर २०२४ मध्ये मी ऑनलाइन नवी मागवून थेट घरी पाठवली. निळी, चकचकीत, एका हाताने उचलता येईल अशी. १,८०० रुपये. फाइव्ह स्टार रेटिंग, बॉस! दादाचा मेसेज आला, 'मस्त हाय'. मी खूश.

दिवाळीला घरी गेलो, तर ती निळी ताडपत्री गोठ्यात कडब्यावर टाकलेली. एका बाजूच्या कड्या फाटून लोंबत होत्या. दादा काही बोलेना. शेवटी मायनंच सांगितलं. ऑक्टोबरात दादा १५ क्विंटल सोयाबीन घेऊन पहाटे मालेगावमार्गे वाशीमला निघाला होता. परतीच्या पावसाने वाटेत गाठलं. हलकी ताडपत्री वाऱ्यानं फडफडली, कड्या तुटल्या, मधे पाणी साचून पोट सुटलं आणि ते सगळं पोत्यांवर ओतलं गेलं.

सोयाबीनचं गणित तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो. सरकारी खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. त्या वर्षी ती १५ पर्यंत वाढवली, पण नोव्हेंबरात. हमीभाव होता ४,८९२ रुपये आणि खुल्या बाजारातला भाव मुळातच त्याच्या खाली. त्यात ओला माल! दादाला क्विंटलमागे चारशे रुपये कमी मिळाले. म्हणजे सहा हजार. माझ्या गिफ्टची किंमत धरली, तर सात हजार आठशे.

"जुनी काहून नाही टाकली?" मी विचारलं.

दादा चहा ओतत होता. "तू पाठवली होती ना," एवढंच म्हणाला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पुण्यात एका वीकेंडला मी सहा हजार उडवतो. पण पैशांपेक्षा ते 'मस्त हाय' डोक्यातून जात नव्हतं. त्याला ती ताडपत्री पाहताक्षणीच कळलं असणार. दहा वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाला कापड हातात घेतलं की कळतं. तरी त्यानं ती बांधली.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, मला बांधायला शिकव. दादा हसला, पण शिकवलं. आधी हौद्यावर लोखंडी कमानी, म्हणजे मधे उतार राहतो आणि पाणी साचत नाही. कॅनव्हास पुढून मागे ओढायचा, पुढची कड खाली दाबून घ्यायची, नाहीतर वारा आत शिरतो. मग दोर एका बाजूच्या हुकातून दुसऱ्या बाजूला, तिरका. शेवटची गाठ अशी, की ओढली तर आवळते आणि टोक खेचलं की क्षणात सुटते. मला तीनदा जमली नाही. चौथ्यांदा जमली, तर दादानं दोर हलवून पाहिला आणि गुपचूप परत बांधला.

यंदा मी काही पाठवलं नाही. नवा कॅनव्हास घ्यायचा तर तूच बघून घे, पैसे मी टाकतो, एवढंच सांगितलं. परवा दादाचा फोन आला, "सोयाबीन नेतो तवा येशील काय? दुसऱ्या बाजूनं ओढाले माणूस पायजे."

लगेच सुटीचा अर्ज भरायला घेतला. कारणाच्या रकान्यात 'ताडपत्री बांधणे' असं टाइप केलं. मग मॅनेजरचा चेहरा आठवला. खोडलं आणि लिहिलं, 'फॅमिली फंक्शन'.