ओहायोंतील सोळावा क्रमांक

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं ओहायो हें प्रवाशानें मुद्दाम वांकडी वाट करून पाहावें असें संस्थान नव्हे. तेथें नायगऱ्याचा प्रपात नाहीं, कीं न्यूयॉर्कचा थाटमाट नाहीं. मार्च महिन्यांत तर तेथील देखावा उदासच म्हणावयाचा. झाडांस पान नसतें, मक्याचीं शेतें रिकामीं पडलेलीं असतात आणि आकाश दिवसेंदिवस राखेच्या रंगाचें राहतें. तथापि ह्याच महिन्याच्या मध्यास त्या देशांतील आबालवृद्धांस जें एक वेड लागतें, तें पाहावयाचें तर ओहायोसारखें दुसरें स्थळ नाहीं, असें आमचें मत झालें आहे. सन २०२३ च्या मार्चमध्यें आमचा मुक्काम कोलंबस येथें चिरंजीवांकडे होता. त्यामुळें हें वेड जवळून पाहण्याचा योग आला.

वेड कशाचें, तर कॉलेजांतील विद्यार्थ्यांच्या बास्केटबॉलचें. हा खेळ जेम्स नेस्मिथ नांवाच्या व्यायामशिक्षकानें १८९१ च्या डिसेंबरांत मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथें शोधून काढला. हिंवाळ्यांत बाहेर खेळतां येत नाहीं, तेव्हां तरुणांस बंद जागेंत कांहीं उद्योग हवा, म्हणून त्यानें पीच फळांच्या दोन टोपल्या सज्ज्याच्या कठड्यास दहा फूट उंचीवर ठोकल्या आणि तेरा नियम लिहून काढले. टोपलीच्या जागीं पुढें लोखंडी कडें आलें. उंची मात्र दहा फूट राहिली ती राहिलीच. कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा १९३९ सालीं सुरू झाली. ती भरविण्याच्या खटपटींत ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संघाचे मार्गदर्शक हॅरोल्ड ओल्सेन हे अग्रभागीं होते. त्या वर्षीं संघ अवघे आठ. आणि अंतिम सामन्यांत खुद्द ओल्सेन यांच्याच संघास ऑरेगॉनच्या संघानें ४६ विरुद्ध ३३ गुणांनीं हरविलें!

पुढें १९८५ सालीं संघांची संख्या ६४ झाली आणि २०११ सालीं ६८. आम्ही गेलों त्या वर्षीं देशांत पहिल्या श्रेणीचे एकंदर ३६३ संघ होते. त्यांतून हे ६८ निवडलेले. निवडमंडळ त्यांचे चार गट पाडतें आणि प्रत्येक गटांत बळाच्या अंदाजानें एकपासून सोळापर्यंत क्रमांक लावतें. पहिल्याची गांठ सोळाव्याशीं, दुसऱ्याची पंधराव्याशीं, असा क्रम. सामना चाळीस मिनिटांचा; हरला तो घरीं गेला, दुसरी संधि नाहीं. मंगळवारीं व बुधवारीं चार सामने होऊन ६८ चे ६४ उरले. मग गुरुवार-शुक्रवार ह्या दोन दिवसांत बत्तीस सामने. खरी मौज ह्या दोन दिवसांची. दुपारीं सुरू झालेले सामने निरनिराळ्या शहरांतून मध्यरात्रीपर्यंत चाललेले असतात. एक संपत आला कीं दुसरा रंगांत येतो. कचेऱ्यांतून हात कामांत आणि लक्ष सामन्यांत, अशी सर्वांची स्थिति. उपाहारगृहांत वाढणारा मनुष्यसुद्धां ताटली हातांत धरून दूरचित्रवाणीपुढें क्षणभर थबकतो, आणि जेवणारा त्यास बोल लावीत नाहीं.

घरोघर आणखी एक उद्योग असतो. गुरुवारपासून पुढें होणाऱ्या सर्व ६३ सामन्यांचे निकाल आधींच एका तक्त्यांत भरून ठेवावयाचे. एका सामन्याचे निकाल दोन, दोहोंचे मिळून चार, तिहींचे आठ, अशी दुप्पट होत होत त्रेसष्टांस ही संख्या बाण्णव परार्धांच्या वर जाते. भास्कराचार्यांनीं 'लीलावतीं'त जीं अठरा स्थानें सांगितलीं आहेत, त्यांतील शेवटचें परार्ध. म्हणजे जेथें आपली जुनी मोजणी थांबते, तेथून हा तक्ता पुढें जातो. २०१९ सालीं ह्याच कोलंबस शहरांतील एका गृहस्थांचे पहिले ४९ अंदाज ओळीनें बरोबर आले होते. पन्नासाव्या सामन्यांत पर्ड्यू विद्यापीठाच्या संघानें त्यांची ती माळ तोडली.

हें पर्ड्यू विद्यापीठ शेजारच्या इंडियाना संस्थानांतलें. आमच्या सूनबाईंचें शिक्षण तेथेंच झालें. त्या वर्षीं पर्ड्यूच्या संघास गटांत पहिला क्रमांक मिळाला होता, आणि त्यांचा पहिला सामना कोलंबस येथेंच व्हावयाचा होता. त्यामुळें घरांत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. प्रतिस्पर्धी कोण, तें मात्र ठरावयाचें होतें, आणि तें ठरणार होतें डेटन येथें.

बुधवारीं, १५ मार्चला, आम्ही सर्वजण डेटनला गेलों. कोलंबसपासून हें गांव सुमारें सत्तर मैल. विमान उडविणारे राइट बंधु येथलेच. त्यांचें सायकलींचें दुकान ह्याच गांवीं होतें. १९१३ सालीं ग्रेट मायामी नदीच्या महापुरानें गांव बुडालें होतें. पुढें नागरिकांनीं बांध घालून तिला आवर घातला. त्याच नदीजवळ डेटन विद्यापीठाचें क्रीडागृह १९६९ सालापासून उभें आहे. त्यांत तेरा हजारांवर माणसें बसतात. २०११ पासून, दोन वर्षें सोडतां, प्रारंभींचे चार सामने तेथेंच होत आले होते. गांवकऱ्यांस दोन्ही संघ परके. तरी मंडळी मुलाबाळांसह येतात आणि अनोळखी पोरांसाठीं टाळ्या वाजवितात. हें आम्हांस फार आवडलें.

त्या दिवशीं न्यू जर्सीच्या फेअरली डिकिन्सन विद्यापीठाचा सामना टेक्सस सदर्न विद्यापीठाशीं होता. फेअरली डिकिन्सनच्या संघाची कथा ऐकण्यासारखी आहे. आदल्या वर्षीं ह्या संघानें सबंध मोसमांत चार सामने जिंकले होते. तेव्हां टोबिन अँडरसन नांवाचे नवे मार्गदर्शक आले; ते खालच्या श्रेणीच्या एका लहान कॉलेजांत शिकवीत होते आणि तेथील तीन खेळाडूंस बरोबर घेऊन आले. आपल्या प्रांतिक स्पर्धेचा अंतिम सामनासुद्धां हा संघ एका गुणानें हरला होता. पण जिंकलेल्या मेरिमॅक कॉलेजास वरच्या श्रेणींत येऊन पुरेशीं वर्षें झालीं नसल्यामुळें नियमानें राष्ट्रीय स्पर्धेंत उतरतां येत नव्हतें, म्हणून ह्यांस जागा मिळाली. शिवाय ३६३ संघांत सरासरी उंचीनें हा सर्वांत ठेंगणा! पण चपळाई अशी, कीं समोरच्यास चेंडू घेऊन मध्यरेषा ओलांडतां ओलांडतां नाकीं नऊ यावेत. ८४ विरुद्ध ६१ गुणांनीं त्यांनीं सामना जिंकला.

"अण्णा, आतां ह्यांची गांठ आमच्याशीं," सूनबाई परततांना म्हणाल्या. त्यांच्या आवाजांत काळजी नव्हती. ती असण्याचें कारणही नव्हतें. १९८५ पासून २०२२ पर्यंत पहिल्या व सोळाव्या क्रमांकांचे १४८ सामने झाले होते, आणि त्यांपैकीं १४७ पहिल्यानें जिंकले होते. अपवाद एकच : २०१८ सालीं मेरिलंडच्या बाल्टिमोर काउंटी विद्यापीठानें व्हर्जिनिया विद्यापीठास ७४ विरुद्ध ५४ असें हरविलें होतें.

शुक्रवारीं सायंकाळीं आम्ही कोलंबसच्या क्रीडागृहांत गेलों. एरवीं तेथें बर्फावरचा हॉकीचा खेळ चालतो. ह्याच भागांत पूर्वीं ओहायो संस्थानाचा तुरुंग होता आणि सुप्रसिद्ध कथालेखक ओ. हेन्री यांनीं १८९८ ते १९०१ पर्यंत तेथें कारावास भोगला. शेवटच्या ओळींत कथेस कलाटणी देणाऱ्या त्या लेखकाच्या वास्तूंत कांहीं गुण उरला असेल काय, असा विनोद आम्हीं नातवाजवळ केला.

पर्ड्यूच्या संघांत झॅक ईडी नांवाचा सात फूट चार इंच उंचीचा कानडा देशचा तरुण होता. त्याच्यासमोर डिकिन्सनचा डिमेट्रे रॉबर्ट्स, पांच फूट आठ इंच. ताडापाशीं तुळस उभी करावी तसें तें दृश्य! पण त्या ठेंगण्यांनीं एक युक्ति केली. ईडीच्या एक पुढें व एक मागें असें उभें राहून त्याच्यापर्यंत चेंडूच सहजासहजीं पोंचूं द्यावयाचा नाहीं. पर्ड्यूच्या मुलांस मग दुरून नेम धरावे लागले, आणि २६ पैकीं अवघे ५ लागले. ईडीनें एकट्यानें २१ गुण केले, तरी अंतर तुटेना. शॉन मूर हा डिकिन्सनचा खेळाडू मूळचा कोलंबसचाच. आपल्या गांवच्या लोकांसमोर त्यानें १९ गुण मिळविले. प्रथम प्रेक्षक हंसत होते, मग कुजबुजूं लागले, आणि शेवटच्या पांच मिनिटांत ज्यांचा दोहोंपैकीं कोणाशींच संबंध नव्हता ते सारे उठून ठेंगण्यांच्या बाजूस झाले. ६३ विरुद्ध ५८ गुणांनीं सोळावा क्रमांक जिंकला.

नातू नाचत होता. सूनबाई काळा-सोनेरी गळपट्टा मांडीवर घडी करून बसल्या होत्या. मोटारींत नातवानें विचारलें, "आई, मग ते नंबर चुकीचे होते का?"

"चुकीचे नव्हते रे," त्या म्हणाल्या. "दहा वेळां खेळलों असतों, तर नऊ वेळां आम्हीच जिंकलों असतों. पण खेळायचं एकदांच होतं."

ह्या उत्तराचा आम्ही पुष्कळ विचार केला. डिकिन्सनचा संघ रविवारीं फ्लोरिडा अटलांटिक विद्यापीठाकडून ७८ विरुद्ध ७० असा हरून घरीं गेला. म्हणजे बळाचा अंदाज अगदींच खोटा नव्हता. शाळांतूनही मुलांस क्रमांक लावावे लागतात, आणि बहुधा ते बरोबर ठरतात. पण बहुधा बरोबर ठरतात एवढ्यावरून सामना रद्द करावयाचा नसतो. आपल्या घरांतून मात्र हें पुष्कळदां घडतें. थोरला हुशार, धाकटा बेताचा, असें एकदां ठरलें, कीं धाकट्यास मैदानांत उतरूंच द्यावयाचें नाहीं. त्याची शाखा, त्याची नोकरी, सर्व त्या जुन्या क्रमांकावरून ठरवावयाचें. आणि थोरला एकदां घसरला, तर त्याच्यावरही तोच शिक्का.

शिक्का मारणारांनीं पुढील हकीकतही ऐकावी. २०१८ सालीं ज्या व्हर्जिनियाची नाचक्की झाली, तिनेंच २०१९ सालीं अजिंक्यपद मिळविलें. आणि पर्ड्यूचा तोच संघ, त्याच ईडीला घेऊन, २०२४ सालीं अंतिम सामन्यापर्यंत पोंचला. तो सामना आपल्याकडे ९ एप्रिलच्या सकाळीं झाला. त्या दिवशीं गुढीपाडवा होता. कनेक्टिकटनें पर्ड्यूस ७५ विरुद्ध ६० असें हरविलें. नमस्कारासाठीं सूनबाईंचा दूरध्वनि आला तेव्हां तिकडे मध्यरात्र होत आली होती. हरलेल्या संघाविषयीं आम्ही दोन समाधानाचे शब्द बोलूं लागलों, तों त्याच म्हणाल्या, "अण्णा, यंदां हरलों, पण शेवटच्या दिवशीं हरलों. पुढच्या वर्षीं पुन्हां पाहूं. तुमची गुढी उभारून झाली ना?"