दहा सेकंदांची रात्र

आपल्या होस्टेलच्या टेरेसवरून मोजून पंचवीस-तीस तारे दिसतात, ते सुद्धा मेसची ट्यूबलाईट बंद असेल तर! म्हणून जानेवारीच्या अमावस्येला आम्ही तिघे चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवीच्या डोंगराखाली गेलो. जागा मुद्दाम निवडलेली. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, तो शिलालेख इथलाच. १९ व्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. गौताळा अभयारण्यात रात्री परवानगीशिवाय थांबता येत नाही, त्यामुळे ट्रायपॉड लागला तो बाहेर, मित्राच्या मामांच्या बांधावर.

टाइम-लॅप्सचं गणित सोपं आहे. दर ३० सेकंदांला एक फोटो, त्यात १५ सेकंद शटर उघडं. जास्त उघडं ठेवलं की ताऱ्यांच्या रेघा होतात. व्हिडिओत सेकंदाला २५ फोटो लागतात. म्हणजे १० सेकंदांच्या क्लिपला २५० फोटो, २ तास ५ मिनिटं! तेवढ्यात आकाश ३१ अंश फिरतं. लेन्सवर दव धरतं आणि थंडीने बॅटरी लवकर उतरते, म्हणून जादा बॅटरी खिशात उबेला ठेवायची. बाकी काम काहीच नाही, नुसतं कुडकुडायचं.

दक्षिणेला डोंगरावर अगस्त्य छान आला होता. तेवढ्यात फ्रेममध्ये बॅटरीचा उजेड! शेजारच्या शेतातले आप्पा गव्हाला पाणी भरायला आले होते.

"तारा मोजी राहिनात का भो?"

त्या आठवड्यात तिकडची लाईट रात्रीची होती. २०१७ साली याच तालुक्यात बिबट्याने माणसं मारली होती, ते दिवस आप्पांनी पाहिलेले. भीती नाही वाटत का, विचारलं. "लाईट रातनीच येस, मंग काय करसू?" एवढं बोलून ते पाटाकडे वळले. तासभर एकटे होते. आम्ही तिघे असूनही पाचोळा वाजला की एकमेकांकडे बघत होतो, हे इथे लिहायला हरकत नाही.

रूमवर क्लिप बनवताना वाद झाला. आमच्या एडिटरसाहेबांचं म्हणणं, 'वाइल्ड लँडस्केप' हवं तर बॅटरीचे फोटो उडवा. पण एका तासाचे १२० फोटो काढले तर तारे एकदम १५ अंश उडी मारतात. सॉफ्टवेअरने उजेड पुसता येतो, ते मला पटेना. त्या रानात रात्री खरोखर जे चालतं ते हेच, नुसतं आकाश दाखवून कसं चालेल? शेवटी दोन विरुद्ध एक मतांनी आप्पा राहिले. दहातले जवळपास पाच सेकंद त्यांचेच आहेत.

पुढच्या खेपेला त्यांना मोबाईलवर क्लिप दाखवली. ताऱ्यांकडे त्यांचं लक्षच नव्हतं. बॅटरीचा ठिपका एका जागी अर्धा सेकंद अडतो, तिथे बोट ठेवून म्हणाले, इथे पाट फुटला होता.