बाळूंच्या हाती बॅट

शिरूर

चि. बापू,

भाषणाचा कागद पोचला. दौंडच्या क्रिकेट स्पर्धेच्या बक्षीस समारंभात पोरांना पळवणकर बाळूंची गोष्ट सांगायची हे तुला सुचलं, याचा केवढा आनंद झाला म्हणून सांगू! पण कागद वाचता वाचता जीव कळवळला. ‘गरीब घरातला मुलगा मेहनतीने मोठा झाला.’ एवढंच? फोनवर विचारलं तर म्हणालास, "आत्या, मैदानावर जात कशाला काढायची?" तेव्हापासून मला चैन नाही. जातीमुळे वाड्यामागे वेगळ्या ठेवलेल्या त्या माठाची गोष्ट तू विसरलास का रे? तुझे आजोबा मरेपर्यंत विसरले नाहीत.

आकडे तुझे बरोबर आहेत. १९११ साली पतियाळाच्या महाराजांचा संघ इंग्लंडला गेला, बहुतेक सामने हरला, आणि पस्तिशीतल्या बाळूंनी डाव्या हाताच्या फिरकीवर ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. भारत पहिली कसोटी खेळला तो १९३२ मध्ये. तेव्हा बाळू छपन्न वर्षांचे होते. हे सगळं सांगच. पण त्याआधीचं तू गाळलंस, आणि खरी गोष्ट तिथेच आहे.

पुण्यात पारशांच्या मैदानावर बाळूंनी झाडलोट करायची, रोलर ओढायचा. महिना तीन रुपये. पुढे गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपये. तिथे जाळी बांधायची, खेळपट्टी राखायची आणि साहेबांना चेंडू टाकत राहायचं. कॅप्टन ग्रेग बाकीच्यांच्या आधी येऊन त्यांच्याच गोलंदाजीवर सराव करायचा. बाद केलं की आठ आणे द्यायचा म्हणतात. आणि एवढे तास चेंडू टाकलेल्या माणसाच्या हातात त्या क्लबात एकदाही कुणी बॅट दिली नाही. बापू, हे वाक्य भाषणात मोठ्याने वाच.

मग साहेबांना हरवायचं म्हणून पुण्यातल्या हिंदूंना हा चर्मकाराचा मुलगा हवासा झाला. मैदानात सगळे त्याच चेंडूला हात लावायचे. चहाची वेळ झाली की बाकीच्यांना कपबश्या आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात. जेवणाचं पान वेगळं. तू म्हणतोस जात काढू नये. ती तिथे रोज वाढली जात होती. पुढे मुंबईला गेले, १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना हरवलं त्यात होते, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना दिलं नाही ते नाहीच. धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं, तेही १९२३ उजाडल्यावर.

आणि १९३७ ची निवडणूक गाळू नकोस. ज्या बाबासाहेबांना तरुणपणी बाळूंचा अभिमान होता, त्यांच्याविरुद्ध ते काँग्रेसतर्फे उभे राहिले आणि हरले. मला ते आजही पटत नाही. पण तेवढ्यासाठी माणूस पुसून टाकायचा? पोरांना सगळं सांग, त्यांना झेपतं. शाळेत शिकवताना मी हेच करत आले.

शाळेत असल्यापासून माझी एक सवय आहे, तुम्ही सगळे हसता तिला. कुठल्याही मैदानावर गेले की आधी रोलर ओढणारा शोधते आणि विचारते, हा कधी खेळतो का? दिवाळीत तुझ्याकडे आले तेव्हाही पाहिलं. तो ऊसतोडीवाल्यांचा पोरगा, डावखुरा, भर उन्हात तुमच्या मुलांना चेंडू टाकत होता. संध्याकाळी पॅड गोळा करून खोलीत ठेवत होता. फलंदाजीला मात्र दिसला नाही. मी विचारलं तर तू म्हणालास, "तो मदतीला असतो." तेव्हा पाहुणे होते म्हणून गप्प बसले.

शाळेत जातो का तो? साखर कारखान्याचा हंगाम संपून पट्टा पडला की आईबाप गावी जातील, मग हा कुठे राहील? त्याच्या खांद्याचं काय? वाढत्या अंगाच्या पोराकडून इतके चेंडू टाकून घेऊ नयेत, हे तुला मी सांगायला हवं का? जेवतो कुठे, कुणाच्या ताटात? रागावू नकोस, पण हे मला विचारावंच लागतं.

भाषण पुन्हा लिही. आणि समारंभाआधी त्या पोराचं नाव संघाच्या यादीत घाल, पहिल्या चारांत फलंदाजीला पाठव. घातलंस की मला लगेच फोन कर.

तुझी,
आत्या