कचरा

परवा आईचा फोन चालूच होईना. कंपनीचं नाव यायचं, विझायचं, पुन्हा यायचं. "अगं, कालच तर साफ केला," आई म्हणाली. तिने कसलंसं 'क्लीनर' अ‍ॅप घेतलं होतं. 'फोनमध्ये कचरा साठलाय' असं लाल अक्षरांत दिसल्यावर कुणीही घाबरेल म्हणा!

कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याने बघितलं न बघितलं आणि म्हणाला, "फॅक्टरी रिसेट मारतो, नव्यासारखा होईल." म्हणजे आतलं सगळं पुसणार. आईचा चेहराच उतरला. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांच्या आवाजातले निरोप फक्त त्याच फोनमध्ये होते. 'उशीर होईल', 'भाजी कुठली आणू', असलेच साधे.

फोन तसाच घरी आणला. तासभर चार्जिंगला लावला. मग पॉवर आणि आवाज वाढवायचं बटण एकदम दाबून रिकव्हरीत शिरले आणि फक्त 'वाइप कॅश पार्टिशन' निवडलं. यात फोटो, निरोप जात नाहीत. (फोनप्रमाणे बटणं बदलतात हं, आणि काहींत हा पर्याय नसतोही.) फोन सुरू झाला!

आधी सगळे निरोप लॅपटॉपवर उतरवले, मग ते अ‍ॅप काढलं. खरं तर अँड्रॉइड आपली मेमरी आपणच सांभाळतं. ही अ‍ॅप्स मागे चालणारी कामं बंद करतात, ती पुन्हा सुरू होतात, बॅटरी मात्र उगाच खर्च. जागा हवी तर एकेक फाइल स्वतः बघून काढावी. कचरा कुठला, हे अ‍ॅपला काय कळणार?

रात्री आईने 'भाजी कुठली आणू' पुन्हा लावलं. आणि हळूच म्हणाली, "मेथी."