आई-बापाचं लगीन

मुलांनो, बाईंचंही कधी कधी चुकतं बरं का! माझंच सांगते.

डीएड झाल्यावर माझी पहिली नेमणूक डहाणू तालुक्यातल्या एका वारली पाड्यावर झाली. एके दिवशी तिसरीतली एक मुलगी धावत आली अन् म्हणाली, "बाई, मी दोन दिस येणार नाय. माझ्या आई-बापाचं लगीन हाय."

मला हसूच फुटलं. ती गप्प झाली, अंगठ्यानं जमीन उकरत राहिली. वर्गातलं दुसरं कुणी मात्र हसलं नाही.

मधल्या सुट्टीत तिथले जुने गुरुजी म्हणाले, "लगीन म्हणजे सगळ्या पाड्याला जेवण. शिवाय मुलाकडच्यांनी मुलीच्या बापाला देज द्यायचं. पैसे नसले की दोघं आधी संसार मांडतात, लगीन मागाहून. पाडा त्यांना नवरा-बायकोच मानतो."

हुंडा नाही, उलट देज! मी ओशाळले. संध्याकाळी तिच्या घरी गेले. सारवलेल्या भिंतीवर बायकांनी तांदळाच्या पिठानं चौक काढला होता, मधोमध पालघट देवी. आणि लग्न लावायला भटजी नव्हे, चक्क एक बाई! तिला धवलेरी म्हणतात. ती गात होती, तेच तिचे मंत्र. मला बघून माझी विद्यार्थिनी आईच्या पाठीमागं लपली.

परतताना मला माझी पणजी आठवली. तिचं लग्न झालं १९३० च्या मार्चमध्ये, सातव्या वर्षी! १ एप्रिलपासून शारदा कायदा लागू होणार होता. मग चौदा वर्षांखालच्या मुलीचं लग्न करता आलं नसतं, म्हणून गावोगाव लग्नं उरकून घेतली. "मला झोप आली होती गं," पणजी सांगायची, "मामानं उचलून बोहल्यावर उभं केलं." ऐकताना आम्ही कधी हसलो नाही. पुढे १९७८ मध्ये मुलीचं वय अठरा झालं. आईचं लग्न त्यानंतरचं, पोह्यांच्या बशा फिरवून ठरलेलं. माझं तर कचेरीत, सह्या करून.

तिसऱ्या दिवशी ती शाळेत आली. "त्या दिवशी मी हसले, चुकलंच माझं," मी म्हणाले. तिनं जरा विचार केला.

"बाई, तुमच्या आईच्या लग्नात तुम्ही काय घातलं होतं?"

"मी नव्हते गं तेव्हा."

"बोलावलंच नाय तुम्हाला?"

या वेळी मात्र सगळा वर्ग हसला.