‘थोल’ या क्रियापदाच्या निमित्ताने

‘थोल’ हे इंग्रजी क्रियापद आज प्रमाण लेखनात क्वचितच भेटते. निमूटपणे सोसणे, हा त्याचा अर्थ. ‘थोलिअन’ हे त्याचे प्राचीन इंग्रजीतील रूप. लॅटिन ‘तोलेरारे’ आणि संस्कृत ‘तुला’ ही त्याची सगोत्र रूपे होत, म्हणजे आपले ‘तोलणे’ही त्याच कुळातले. भार उचलून धरणे ही मूळ कल्पना.

शेमस हीनी यांचा ‘बेओवुल्फ’चा अनुवाद १९९९ साली प्रसिद्ध झाला. शब्दसूचीत प्रथम परका भासलेला हा शब्द आपल्या अल्स्टरमधील घरात वडीलधाऱ्यांच्या तोंडी होता, हे कसे उमगले ते त्यांनी प्रस्तावनेत सांगितले आहे. इंग्लंडातून स्कॉटलंडात, तेथून वसाहतकारांबरोबर अल्स्टरमध्ये आणि पुढे मूळच्या आयरिश कुटुंबांत, असा त्याचा प्रवास. घरातील एक स्त्री शोकग्रस्तांविषयी बोलताना तो वापरीत असे.

मला महत्त्वाचे वाटते ते पुढचेच. काव्याच्या आरंभी राजाविना दिवस कंठलेल्या डेन लोकांसाठी हीनी हे क्रियापद योजतात; मूळ संहितेत तेथे ‘थोलिअन’ नाही, ‘द्रेओगन’ आहे. अर्थात हा केवळ मूळनिष्ठेचा परिणाम नव्हे. घरच्या बोलीतील शब्द महाकाव्याचे वजन पेलू शकतो, असा तो निर्णय आहे. मूळ कवी ‘थोलिअन’ वापरतो तो अन्यत्र, एका तलवारीसाठीही. तिने अनेक झुंजी सोसलेल्या असतात. टाकीचे घाव सोसणारा आपला दगड येथे आठवावा.

मराठीत या अर्थाच्या निकट मला ‘सोसणे’पेक्षाही ‘काढणे’ वाटते. काही वर्षांपूर्वी एम.ए.च्या एका विद्यार्थिनीने निबंधात लिहिले होते, ‘आईचे आजारपण मी काढले.’ मी ते तांबड्या शाईने खोडून ‘आईची शुश्रूषा मी केली’ असे केले. (‘शुश्रूषा’ म्हणजे व्युत्पत्तीने ऐकण्याची इच्छा; ती नेमकी मलाच नव्हती.) शुश्रूषा पगारी परिचारिकाही करते. आजारपण काढावे लागते ते घरच्या माणसाला, आणि ते कधी सरेल हे ठाऊक नसताना. हीनींची प्रस्तावना तेव्हा माझ्या वाचनात येऊन गेलेली होती, वर्गात मी ती वाखाणलीही होती.

विद्यार्थिनीने काही विचारले नाही. दुरुस्तीसह सुवाच्य प्रत तिने दुसऱ्या दिवशी आणून दिली.